कोयना धरण, वीज आणि महापूर: कृष्णाकाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की कऱ्हाडपासून शिरोळपर्यंत प्रत्येक फोनवर कोयनेचे आकडे फिरू लागतात. धरणात इतके टीएमसी, विसर्ग इतके क्युसेक, दरवाजे इतक्या फुटांवर. आकडे सगळ्यांना मिळतात, पण ते वाचायचे कसे हे फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. मग एखाद्या अफवेपायी गाव रात्रभर जागं राहतं आणि खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. नदीकाठच्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत देणं म्हणजे विचारणाऱ्याची बोळवण करणं होईल.

धरण नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला धरून दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. कऱ्हाडला ती कृष्णेला मिळते, तोच प्रीतिसंगम. धरण या वळणाच्या थोडं वर, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनानगरला आहे. उंची साधारण १०३ मीटर, लांबी सुमारे ८०८ मीटर, बांधकाम रबल काँक्रीटचं. धरण १९६४ साली पूर्ण झालं. मागच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. सुरुवातीला साठवण क्षमता ९८.७८ टीएमसी होती. नंतर दरवाजांची उंची ५ फुटांनी वाढवली, तेव्हा ती १०५.२५ टीएमसी झाली. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी २१६३.५ फूट, म्हणजे ६५९.४३ मीटर.

हे धरण पूर अडवण्यासाठी बांधलं होतं का?

नाही. ते विजेसाठी बांधलं. सह्याद्रीच्या पूर्वेला पाणी साठवायचं, डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचं आणि कोकणाच्या बाजूला खोल खाली सोडून वीज काढायची, ही मूळ कल्पना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी या जागेची पाहणी केली होती, पण तेव्हा काम उभं राहिलं नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने ते हाती घेतलं.

पूर कमी करणं हा धरणाचा जोडीने मिळालेला उपयोग आहे. वीज आणि शेतीला धरण भरलेलं हवं असतं, पूर अडवायला ते रिकामं हवं असतं. जी जागा पाण्याने भरली, तिथे येणारा पूर मावत नाही. दर पावसाळ्यात या दोन गरजांमध्ये तडजोड करावी लागते, आणि कोयनेवरचा जवळजवळ प्रत्येक वाद या तडजोडीपाशीच येऊन पोचतो.

टीएमसी आणि क्युसेक यांचा हिशेब कसा लावायचा?

टीएमसी म्हणजे साठलेलं पाणी. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे वाहणारं पाणी. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८ लिटर.

दोन्ही जोडणारा एक आकडा पाठ करून ठेवा: साडेअकरा हजार क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की १ टीएमसी होतं. त्यावरून बाकीचं तोंडी काढता येतं. विसर्ग ५० हजार क्युसेक असेल तर दिवसाला सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त पाणी बाहेर पडतं. १ लाख असेल तर साडेआठच्या वर. पायथा विद्युतगृहातून, म्हणजे धरणाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या वीजगृहातून, सुटणारे २१०० क्युसेक दिवसभरात ०.१८ टीएमसी भरतात, त्यामुळे ‘कोयनेतून २१०० क्युसेक सोडले’ या बातमीने घाबरायचं कारण नाही.

पाऊस इतके मिलिमीटर झाला म्हणजे धरणात किती पाणी येतं?

कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९१ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर साधारण ३ टीएमसी पाणी होतं. जूनमध्ये एवढं येत नाही, कारण तापलेली जमीन बरंच पिऊन घेते. जुलैच्या मध्यानंतर डोंगर भिजून तुडुंब झालेले असतात, आणि मग पडेल तो थेंब ओढ्याने खाली येतो.

म्हणून कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे रोजचे आकडे एकत्र पाहायचे. एकट्या नवज्याचा आकडा पाहून अंदाज बांधू नका. नवजा नेहमीच जास्त दाखवतं. तिन्हीकडे एकाच दिवशी २५०-३०० मिलिमीटर लागले असतील, तर धरणात आठ-नऊ टीएमसीची भर पडणार हे धरून चालायचं.

धरण भरणार हे दिसत असतं, मग दरवाजे आधीच का उघडत नाहीत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याच्यामागचा राग समजण्यासारखा आहे. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी येऊन गेलं, त्याला हा प्रश्न पडणारच.

पहिली गोष्ट बांधकामाची. कोयनेचे सहा वक्र दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर आहेत आणि तो माथा २१३३.५ फुटांवर आहे. धरणात साधारण ७३ टीएमसी पाणी साठेपर्यंत पाणी दरवाजांना लागतच नाही. तोवर नदीत पाणी सोडायला पायथा विद्युतगृह आणि नदी विमोचक (धरणाच्या खालच्या भागातून नदीत पाणी सोडायची वाट) एवढेच मार्ग असतात, आणि पुराच्या हिशेबात त्यांची क्षमता फार थोडी आहे. ‘जूनमध्येच दरवाजे उघडायला हवे होते’ असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी साठा किती होता ते आधी विचारा.

म्हणजे दरवाजांच्या हातात असलेली जागा ७३ ते १०५ यांच्यामधली, सुमारे ३२ टीएमसी. दिवसभर १ लाख क्युसेकची आवक आणि ५० हजारांचा विसर्ग असा प्रसंग घ्या. रोज सव्वाचार टीएमसी धरणात थांबतं. सगळी ३२ टीएमसी जागा मोकळी असेल तर धरण आठवडाभर निम्मा पूर अंगावर घेऊ शकतं. जागा १० टीएमसीच उरली असेल तर दोन-सव्वादोन दिवसांत संपते. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजाची. जुलैअखेर धरण मुद्दाम खाली ठेवलं आणि ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले, तर पुढच्या उन्हाळ्यात वीजही कमी आणि शेतीचं पाणीही कमी. ती शिक्षा जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला बसते. दरवाजावरच्या अभियंत्याला हे दोन्ही धोके डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घ्यावा लागतो.

एवढं सांगूनही आमचं मत स्पष्ट आहे. जुलैच्या शेवटच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धरण भरण्याची घाई करू नये. सह्याद्रीच्या माथ्यावर ऑगस्टनंतरही पाऊस असतो. अपुरं भरलेलं धरण सप्टेंबरमध्ये भरून निघण्याची आशा असते, पण पाण्यात गेलेलं गाव त्या वर्षी भरून निघत नाही.

कधी किती पाणी ठेवायचं हे कोण ठरवतं?

जलसंपदा विभाग. प्रत्येक मोठ्या धरणासाठी जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला पातळी कुठवर असावी, हे तिच्यात ठरलेलं असतं. पातळी त्या रेषेच्या वर जाऊ लागली की विसर्ग सुरू करायचा, हा नियम. वीजनिर्मिती महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीकडे आहे, दरवाजे जलसंपदाकडे. ही सूची लोकांना सहज वाचता येईल अशी, मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवी. आज कुठवर पाणी असायला हवं होतं आणि कुठवर आहे, हे गावाला कळलं तर निम्मे संशय तिथेच मिटतील. आणि उरलेले संशय खरे असतील, तर तेही पुराव्यानिशी पुढे येतील.

सांगलीचा महापूर कोयनेमुळेच येतो ना?

कोयनेमुळे येतो, पण एकट्या कोयनेमुळे नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाणारं पाणी कुठून कुठून येतं ते पाहू. कृष्णेवर धोम आहे. वेण्णेवर कण्हेर आहे. उरमोडी आणि तारळी आपापली धरणं घेऊन येतात. कोयना धरणाच्या खाली केरा, मोरणा आणि वांग कोयनेला मिळतात. सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा येते, आणि तिच्यावरच्या चांदोली धरणाची क्षमता ३४ टीएमसीच्या वर आहे. वारणा फुगलेली असली की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही. त्याच्याही पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि ती भरून आलेली असली की मागचं सगळं तुंबतं.

यात एक भाग असा आहे ज्यावर कुणाचाच दरवाजा नाही. धरणांच्या खाली आणि नदीच्या दोन्ही बाजूंना पडणारा पाऊस थेट नदीत येतो. त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. कऱ्हाड-पाटण-शिराळा भागात चार दिवस सलग पाऊस कोसळला, तर कोयनेचा एकही दरवाजा न उघडता कृष्णा धोक्याच्या पातळीकडे चढू शकते. अशा वेळी कोयना पाणी धरून ठेवते, आणि तो उपकार सांगलीत कुणाच्या नजरेला येत नाही. न आलेला पूर दिसत नाही.

अडचण तेव्हा होते जेव्हा मुक्त पाणलोटातला पूर ऐन चढावर असतो आणि नेमकं त्याच वेळी धरणही भरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं.

२००५, २०१९ आणि २०२१ यांत फरक काय?

आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही. २०१९ ला ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. अनेकांनी २००५ ची खूण धरून सामान एका फळीवर ठेवलं होतं, आणि पाणी त्या फळीच्या वर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. तो दिवस कृष्णाकाठ विसरणार नाही.

२०२१ चा पूर वेगळ्या जातीचा होता. २२ जुलैला आणि त्या रात्री पावसाने सह्याद्री झोडपला. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. सांगलीत पाणी ५५ फुटांच्या आसपास पोचलं. २०१९ चा पूर बरेच दिवस रेंगाळला होता, हा एकदम चढला. मोसमाच्या सुरुवातीला धरणात जागा होती, म्हणून वरचा मोठा लोंढा धरणात अडला. ती जागा नसती तर काय झालं असतं, याचा विचार करताना अंगावर काटा येतो.

अलमट्टीमुळे पाणी तुंबतं, हे खरं की खोटं?

या प्रश्नावर सांगली-कोल्हापुरात दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत. अलमट्टी हे धरण कर्नाटकात, कृष्णेवरच. पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायचा कर्नाटकचा मानस आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबून वर सरकणारं पाणी, कारण ठरला नाही, असं म्हटलं. नदीकाठच्या अनेक कार्यकर्त्यांना ते मान्य नाही. हिप्परगी बंधारा, पुलांचे भराव आणि नदीपात्रातला गाळ यांचा एकत्र विचार करा, असं त्यांचं म्हणणं आहे.

आम्हाला एवढं वाटतं की अलमट्टीकडे बोट दाखवताना आपल्या हद्दीतल्या गोष्टी नजरेआड होऊ नयेत. पूररेषेत झालेली बांधकामं, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट, नदीवर आडवे घातलेले रस्ते कर्नाटकाने केलेले नाहीत. आणि उंचीवाढीचा विरोध पुराव्याने लढवायचा असेल, तर प्रत्येक पुरात जागोजागी पाण्याच्या पातळ्या तासातासाला नोंदवल्या गेल्या पाहिजेत.

कोयनेत वीज नेमकी कशी तयार होते?

शिवसागराचं पाणी नवजाच्या बाजूने बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली कोसळतं. पाण्याला मिळालेला हा जोर जनित्रं फिरवतो. तिथून पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि अलोरे इथे पुन्हा शंभरेक मीटर खाली उतरून दुसऱ्यांदा वीज देतं. मग ते वाशिष्ठी नदीत आणि चिपळूणवरून समुद्राला जातं. वीज काढून झालेल्या या पाण्याला अवजल म्हणतात.

पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॉट, तिसरा ३२०, चौथा १००० आणि पायथा विद्युतगृह ४०, अशी एकूण क्षमता १९६० मेगावॉट. पहिली वीज १९६२ साली निघाली. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून छिद्र पाडून पाणी बोगद्यात घेतलं. हे लेक टॅपिंग आशियात पहिलं होतं. २५ एप्रिल २०१२ ला ते दुसऱ्यांदा केलं, जेणेकरून उन्हाळ्यात पातळी आणखी उतरली तरी वीज काढता यावी. मराठी अभियंत्यांनी आणि कामगारांनी डोंगराच्या पोटात केलेलं हे काम शाळेच्या पुस्तकात सविस्तर यायला हवं.

राज्यात इतकी वीज तयार होते, मग कोयनेचं एवढं महत्त्व का?

कोळशावरचा संच थंड असेल तर तो पूर्ण ताकदीने चालू व्हायला बरेच तास जातात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत सुरू होतो आणि तसाच बंदही करता येतो. संध्याकाळी सगळ्या घरांत एकाच वेळी दिवे, पंखे, शेगड्या लागतात, तेव्हा ती वाढलेली मागणी कोयना उचलते. सौरऊर्जा वाढते आहे आणि सूर्य मावळला की ती थांबते, त्यामुळे कोयनेचं हे काम पुढे आणखी मोलाचं होणार आहे.

पश्चिमेला ६७.५ टीएमसीच पाणी का?

कृष्णा खोऱ्याचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाटून देताना बच्छावत लवादाने वर्षाला एवढंच पाणी पश्चिमेला न्यायचं, ही मर्यादा घातली. कोयनेतून पश्चिमेला वळवलेलं पाणी खोऱ्याबाहेर जातं, परत कृष्णेत येत नाही, म्हणून त्याचा वेगळा हिशेब ठेवला जातो. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. मार्च-एप्रिलमध्ये ‘कोयनेचा कोटा संपत आला’ अशी बातमी येते, ती या कोट्याची.

पुराच्या वेळी जादा पाणी पोफळीमार्गे कोकणात का सोडत नाहीत?

दर महापुरानंतर ही सूचना येते. वीजही होईल आणि सांगलीही वाचेल, असं वाटतं. गणित मांडून पाहू. पहिले दोन टप्पे आणि चौथा टप्पा पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवले, तर त्यांच्यातून साधारण १३ हजार क्युसेक पाणी जातं. दिवसभरात ते सव्वा टीएमसीही भरत नाही. मोठ्या पुरात धरणात दिवसाला आठ-दहा टीएमसी येत असतं. म्हणजे सगळी जनित्रं फिरवूनही पुराचा आठवा-नववा हिस्सा फारतर पश्चिमेला जाईल.

आणि तो जाणार कुठे? चिपळूणला. घाटमाथ्यावर पूर येण्याइतका पाऊस असतो तेव्हा वाशिष्ठीच्या स्वतःच्या पाणलोटातही तोच पाऊस कोसळत असतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ती आठवा. सांगली वाचवायला चिपळूणवर पाणी लोटणं हा उपाय नव्हे. आमच्या मते वाशिष्ठीला पूर असेल त्या तासांत वीजनिर्मिती खाली आणणं हेच शहाणपणाचं आहे. पावसाने उघडीप दिली की मात्र जनित्रं पूर्ण चालवून धरणात जागा करून घ्यावी. पाच-सहा दिवसांत पाच-सहा टीएमसी जागा होते, आणि पुढच्या लोंढ्याला तेवढीही उपयोगी पडते.

मग उन्हाळ्यात पूर्वेला पाणी सोडण्यावरून भांडण का होतं?

कारण त्याच पाण्यातून पश्चिमेला कितीतरी जास्त वीज मिळते. ढोबळ हिशेबाने १ टीएमसी पाणी पोफळी आणि अलोरे मार्गे गेलं तर सुमारे ४ कोटी युनिट वीज होते. तेवढंच पाणी पायथा विद्युतगृहातून पूर्वेला सोडलं तर जेमतेम अर्धा कोटी. पण पूर्वेला गेलेलं पाणी वीज देऊन संपत नाही. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना तेच उचलून तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जतच्या शिवारात नेतात. वाटेतल्या गावांचं पिण्याचं पाणीही त्याच्यावर असतं. युनिटांच्या हिशेबात हे दिसत नाही. द्राक्षबाग वाळते तेव्हा दिसतं.

वीज काढून झालेलं अवजल मुंबईला किंवा कोकणाला देता येणार नाही का?

कल्पना जुनी आहे आणि चर्चा अनेकदा झाली आहे. पाणी चांगलं आहे आणि भरपूर आहे, खर्च आणि अंतर आडवं येतं. कोकणातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि जवळूनच हे पाणी समुद्राला जातं, हे मनाला लागतं. पहिला हक्क त्या गावांचा असावा.

१९६७ च्या भूकंपाचं काय? धरण सुरक्षित आहे का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ दोनशे माणसं गेली, वस्ती उद्ध्वस्त झाली. धरणाच्या सांडव्याबाहेरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. त्यानंतर तो भाग मागच्या बाजूने जाड करून मजबूत केला. पुढे सांडव्याचा भागही बळकट करण्यात आला.

शिवसागर भरल्यानंतर इथे भूकंप सुरू झाले आणि ते अजून होतात. मोठ्या जलाशयाच्या दाबाने आणि खडकात झिरपलेल्या पाण्याने जमिनीतले ताण सुटतात, हे जगाला दाखवणारं कोयना हे सर्वांत अभ्यासलं गेलेलं ठिकाण आहे. भूकंप एका मर्यादित पट्ट्यात होत असल्याने शास्त्रज्ञांनी तिथे ३ किलोमीटर खोल विहीर खोदून अभ्यास चालवला आहे, आणि त्यासाठी कऱ्हाडला संशोधन केंद्र उभं राहिलं आहे. पाटण भागात लहान धक्के बसत राहतात. त्यांची बातमी आली म्हणून धरणाला तडा गेला असं समजू नका. घरं मात्र भूकंप धरूनच बांधा.

‘धरण फुटलं’ असा निरोप आला तर?

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणे बुडालं, ती भीती महाराष्ट्राच्या मनात बसली आहे. दर मोठ्या पुरात कुणीतरी असा निरोप पसरवतं. मागे एकदा त्याच भीतीने अंधारात म्हाताऱ्या माणसांना घेऊन पळापळ झालेली गावं आहेत. निरोप पुढे पाठवू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर विचारा. दरवाजे उचलणं ही नेहमीची, ठरवून केलेली क्रिया आहे आणि तिची सूचना नदीकाठाला आधी दिली जाते.

ज्यांची गावं पाण्याखाली गेली, ती माणसं कुठे गेली?

पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली गावं शिवसागराखाली गेली. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी विखुरली. त्या काळी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. काहींना जमीन मिळाली पण कसायला योग्य नाही, काहींना मिळाली पण नावावर नाही, काहींना अजून मिळायची आहे. साठ वर्षं उलटली, तिसरी पिढी कागद घेऊन कचेरीत उभी आहे. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी महिनोन्महिने ठिय्या दिला आहे. पुढे यातलंच बरंच रान कोयना अभयारण्यात आणि मग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, तेव्हा मागे राहिलेल्यांवर दुसऱ्यांदा निर्बंध आले. आपल्या घरातला दिवा या लोकांनी सोडलेल्या घरांवर पेटला आहे. त्यांचं देणं राहिलेलं आहे आणि ते फेडलंच पाहिजे.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नसतं. प्लॉट घेण्याआधी नगररचना विभागात नकाशा पाहा आणि विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणखी एक करा: २०१९ ला तिथे पाणी कुठवर होतं, हे शेजारच्या जुन्या घरातल्या माणसाला विचारा.

पावसाळ्यात रोज नेमके कोणते आकडे पाहायचे?

चार. धरणातला साठा १०५.२५ मधून वजा करा, म्हणजे उरलेली जागा कळते. आवक पाहा. विसर्ग पाहा. आणि आपल्या जवळच्या पुलाची किंवा बंधाऱ्याची पातळी पाहा. सांगलीला आयर्विन, कोल्हापूरला राजाराम बंधारा, जिथे इशारा ३९ फूट आणि धोका ४३ फूट. आवकेतून विसर्ग वजा करा, आलेल्या क्युसेकना साडेअकरा हजारांनी भागून रोजचे टीएमसी काढा, उरलेल्या जागेला त्याने भागा, आणि धरण किती दिवसांत भरेल हे तुमच्या हातात येतं. तो काळ दोन दिवसांच्या आत आला असेल आणि पाऊस थांबत नसेल, तर मोठा विसर्ग येणार हे समजून तयारीला लागा. मग बातमीची वाट पाहायची गरज नाही.

पाणी चढतंय, घर कधी सोडायचं?

इशारा पातळी ओलांडली की जनावरं आधी हलवा. पुरात सगळ्यात जास्त ओढाताण त्यांच्यापायी होते आणि अनेकजण गोठ्यासाठीच मागे राहतात. कागदपत्रं, औषधं, मोबाईलची बॅटरी एका पिशवीत. गरोदर बाई, आजारी माणूस, लहान मूल असेल तर धोक्याच्या पातळीची वाट पाहू नका, उजेडात निघा. मीटरपासून वीज बंद करा, गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवा. ‘२०१९ ला इथवर आलं नव्हतं’ यावर विसंबू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघाभर दिसलं तरी गाडी घालू नका. बोट आली तर सांगतील तेवढीच माणसं चढू द्या, उरलेल्यांसाठी ती परत येते.